घरी बीअर करायचं सामान अमेरिकेत कुठून घ्यायचं, दुकानातून की ऑनलाइन: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मंडळाच्या कार्यक्रमात कोणाला कळलं की मी घरी बीअर करतो की पहिला प्रश्न चवीचा येतो आणि दुसरा लगेच "सामान कुठून आणतोस?" हाच. मी न्यू जर्सीत राहतो त्यामुळे उदाहरणं इकडची येतील, पण बहुतेक गोष्टी टेक्सासला काय किंवा शिकागोला काय, सगळीकडे लागू आहेत. उत्तरं लांब झालीत कारण "ऑनलाइन घे, स्वस्त पडतं" एवढं सांगून नव्या माणसाचं काहीच भलं होत नाही.

एका वाक्यात सांगा ना, दुकान की ऑनलाइन?

जिवंत, ताजं किंवा काचेचं काही असेल तर जवळच्या होमब्रू शॉपमधून (घरी बीअर करायचं सामान विकणारं दुकान) घ्या. जे सीलबंद आहे, हलकं आहे आणि सहा महिने पडून राहिलं तरी बिघडत नाही ते ऑनलाइन मागवा. म्हणजे लिक्विड यीस्ट, भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुतेक बार्ली), सीओटू (केगमधल्या बीअरसाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड गॅस) भरून घेणं हे सगळं दुकानात, आणि पाउंडाच्या पाकिटातले हॉप्स (बीअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं), ड्राय यीस्ट, स्टीलची फिटिंग्ज, नळ्या, थर्मामीटर हे ऑनलाइन. याला अपवाद आहेत, ते खाली येतील.

हे सगळं कायदेशीर आहे ना नक्की?

हो. १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला परवानगी मिळाली पण बीअर त्यातून राहून गेली, आणि ती चूक दुरुस्त व्हायला थेट १९७८ उजाडलं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जिमी कार्टर यांनी सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून तो नियम लागू झाला. घरात एकच प्रौढ माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन, कर न भरता, स्वतःच्या वापरासाठी. राज्यांचे नियम वेगळे असतात, मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये तयार झाली. आपल्या राज्यात बाहेर घेऊन जाण्याबद्दल किंवा कार्यक्रमात वाटण्याबद्दल काय नियम आहे ते एकदा बघून घ्या. विकता येत नाही, मित्राकडून "खर्चापुरते" पैसे घेणं सुद्धा नको. आणि ही सूट फक्त बीअर-वाइनची आहे, गाळलेल्या दारूला लागू नाही, त्यामुळे दुकानात किंवा साइटवर छोटी भट्टी विकायला दिसली तरी त्या वाटेला जाऊ नका.

पहिल्यांदा किट घेऊ की एक एक वस्तू जमवू?

किट घ्या, पण आधी किटमध्ये काय आहे ते वाचा. ५ गॅलनच्या साध्या किटमध्ये साडेसहा गॅलनची बादली (हाच फर्मेंटर, बीअर यात आंबते), एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडतो, बाहेरची हवा आत येऊ देत नाही), खाली तोटी असलेली बाटल्या भरायची बादली, ऑटो-सायफन (बीअर एका भांड्यातून दुसऱ्यात ओढायला), बॉटलिंग वाँड (बाटली भरायची नळी), बुचं दाबायचा कॅपर, हायड्रोमीटर (साखर किती आहे ते मोजायला) आणि सॅनिटायझर एवढं असायला हवं. पातेलं बहुतेक किटमध्ये नसतं. ते होमब्रूच्या साइटवरून घेऊच नका, जवळच्या रेस्टॉरंट सप्लायच्या दुकानात ८ गॅलनचं साधं पातेलं स्वस्तात मिळतं, आणि कोणाच्या घरी टर्की तळायचा बर्नरचा सेट धूळ खात पडला असेल तर पातेलं आणि शेगडी दोन्ही प्रश्न मिटले (पातेल्याचा तेलकटपणा मात्र पूर्ण निघाला पाहिजे, तेलाने फेस बसतो).

सामान म्हणाल तर पहिल्या पेल एलसाठी दुकानदाराला एवढं सांगा: ६ पाउंड लाइट ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टमधली साखर काढून केलेली पावडर) किंवा ३.३ पाउंडचे लिक्विड एक्स्ट्रॅक्टचे दोन डबे, १ पाउंड क्रिस्टल ४० (हे रंगीत माल्ट) भरडून, कडूपणासाठी १ औंस मॅग्नम आणि शेवटी टाकायला २ औंस कॅस्केड (या दोन्ही हॉप्सच्या जाती), यीस्ट सॅफएल यूएस-०५ चं एक पाकीट, बाटलीत गॅस धरण्यासाठी ५ औंस कॉर्न शुगर, आणि बुचं. यातून १२ औंसाच्या पन्नासेक बाटल्या भरतात. बाटल्या विकत घेऊ नका, मित्रांना सांगून ठेवा, फक्त ब्राउन आणि ओपनरने उघडायच्या हव्यात, पिळून उघडायच्या बाटल्यांवर आपलं बूच नीट बसत नाही.

माझ्या भागात दुकान आहे की नाही कसं कळणार, आणि चांगलं दुकान कसं ओळखायचं?

गूगल मॅपवर "होमब्रू सप्लाय" टाका, अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशनच्या साइटवर दुकानांची आणि क्लबांची यादी आहे ती बघा, आणि जायच्या आधी फोन करा. गेल्या काही वर्षांत बरीच दुकानं बंद पडलीत आणि नकाशावर नाव तसंच राहिलेलं असतं, तासभर गाडी चालवून गेल्यावर तिथे व्हेपचं दुकान निघालं तर वैताग येतो. हार्डवेअरच्या किंवा बागकामाच्या दुकानात मागे एखादा होमब्रूचा कोपरा असतो तोही विचारून घ्या.

दुकानात शिरल्यावर मी सगळ्यात आधी फ्रिजकडे जातो. यीस्टची पाकिटं उलटून तारखा बघा. लिक्विड यीस्ट करणाऱ्या कंपन्यांपैकी व्हाइट लॅब्सच्या पाकिटावर बेस्ट बिफोर असते, वायीस्टवर बनवल्याची तारीख असते, आणि सहा महिन्यांच्या वरची पाकिटं पुढे मांडून ठेवलेली दिसली तर त्या दुकानात लिक्विड यीस्टची उलाढाल नाही हे कळतं. मग हॉप्स. ते फ्रीजर किंवा निदान फ्रिजमध्ये असले पाहिजेत, भिंतीवरच्या खुंट्यांना उजेडात लटकवलेले हॉप्स घेऊ नका, कितीही सेल असू दे.

मग माल्टचे डबे. कुठल्याही चांगल्या दुकानात तुम्हाला दोन दाणे चावून बघू देतात, तसं विचाराच. ताजं पेल माल्ट दाताखाली कुर्रकन फुटतं आणि गोडसर, बिस्किटासारखं लागतं. तेच चिवट, मऊ लागलं तर त्याला दमट हवा लागलीय. शेवटी मिल. आधीच्या गिऱ्हाइकाची भरड खाली सांडलेली असते ती चिमटीत घेऊन बघा, टरफल जवळजवळ अख्खं आणि आतला दाणा तीन-चार तुकड्यांत फुटलेला असेल तर मिल नीट लावलेली आहे. सगळा भुगा झालेला असेल तर मॅश (गरम पाण्यात भिजवलेली भरड) गाळताना अडकणार, आणि अख्खे दाणे जास्त दिसत असतील तर साखर कमी उतरणार.

बाकी दुकानदार बोलका आहे का, हेही बघा. तुम्ही काय करणार आहात हे न विचारता नुसतं बिल करणारा आणि "फर्मेंटेशन कुठे ठेवणार, तळघरात टेंपरेचर किती असतं?" असं विचारणारा यांच्यात फार फरक आहे.

लिक्विड यीस्ट ऑनलाइन मागवलं तर काय होईल?

हिवाळ्यात बहुतेक वेळा काही होत नाही, उत्तरेकडे कडाक्याची थंडी असेल तर गोठायची भीती तेवढी. जून ते सप्टेंबर मात्र मागवू नका असंच मी सांगेन. पाकिटाबरोबर आइस पॅक आणि जाड पाऊच घेतला तरी ट्रकच्या आत उन्हाळ्यात जी भट्टी होते त्यात तो पॅक दुसऱ्या दिवशीच कोमट पाणी झालेला असतो. यीस्ट सगळं मरत नाही, पण जिवंत पेशी किती उरल्यात हे तुम्हाला बाहेरून कळत नाही, मग फर्मेंटेशन उशिरा सुरू होतं, मधल्या काळात बाकीचे जंतू हातपाय पसरतात, आणि तुम्ही रेसिपीला दोष देत बसता.

मागवायचंच असेल तर सोमवारी पाठवतील अशा बेताने ऑर्डर करा, म्हणजे शनिवार-रविवार खोकं गोडाऊनमध्ये पडून राहणार नाही, गोदाम आपल्या राज्याच्या जवळ असलेली साइट निवडा, आणि स्टार्टर करूनच वापरा: १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम ड्राय एक्स्ट्रॅक्ट उकळून, पूर्ण गार करून, त्यात यीस्ट टाकून एक-दोन दिवस अधूनमधून हलवत ठेवायचं. फेस आला, तळाला पांढरट साय बसली की यीस्ट जिवंत आहे हे कळतं.

यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे ड्राय यीस्ट. यूएस-०५, एस-०४, नॉटिंगहॅम, लागरसाठी (गारव्यात आंबवायची बीअर) डब्ल्यू-३४/७०, ही पाकिटं पोस्टाने कशीही आली तरी चालतात आणि फ्रिजमध्ये वर्षभर सहज टिकतात. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात गारवा धरता येत नाही त्यांनी क्वाइक बघावं, नॉर्वेच्या शेतकऱ्यांकडचं हे यीस्ट ३५ डिग्री सेल्सिअसला पण छान चालतं आणि ते आता ड्राय स्वरूपात मिळतं. बेल्जियन किंवा गव्हाच्या बीअरमध्ये मात्र चव यीस्टचीच असते, तिथे मला लिक्विडच लागतं आणि ते मी दुकानातूनच आणतो.

एक मार्ग लोक विसरतात, जवळची छोटी ब्रूअरी. आधी फोन करून नम्रपणे विचारलं तर स्वच्छ बरणीत थोडं ताजं यीस्ट बऱ्याचदा फुकट देतात. कुठलं यीस्ट आहे, कितव्या पिढीचं आहे ते विचारा आणि आठवड्याभरात वापरा.

हॉप्स?

ऑनलाइन. हे एकच असं आहे जिथे माझं मत अजिबात डळमळत नाही. दुकानात सुट्या औंसाला २-३ डॉलर पडतात आणि तोच हॉप अख्खा पाउंड घेतला तर २० डॉलरच्या आसपास येतो, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. अमेरिकेतला बहुतेक हॉप वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातून येतो, कापणी ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरमध्ये होते, आणि त्या वर्षाचे पेलेट्स (हॉप्स दाबून केलेल्या गोळ्या) वर्षअखेरीच्या सुमारास साइटवर यायला लागतात. तेव्हा दोन-तीन जाती पाउंडात घेऊन फ्रीजरमध्ये टाकल्या की वर्ष निघतं. गॅलॅक्सी, नेल्सन सोविन वगैरे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे हॉप्स तिकडच्या ऋतूप्रमाणे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कापतात, त्यामुळे ते उशिरा येतात.

पाकिटावर दोन गोष्टी बघायच्या, पिकाचं वर्ष आणि अल्फा अ‍ॅसिडचा टक्का (कडूपणा यातूनच येतो). वर्ष लिहिलेलंच नसेल तर सोडून द्या. रेसिपीत कॅस्केड ५.५ टक्के धरला असेल आणि तुमच्या पाकिटावर ७ असेल तर कडूपणासाठी टाकायचा वजनात तेवढा कमी करायचा, १ औंस असेल तर साधारण पाऊण औंस पुरे. पाकीट उघडल्यावर हवा काढून सील करता आलं तर उत्तम, नाहीतर जाड झिपलॉकमध्ये हवा दाबून काढून परत फ्रीजरमध्ये. वापरायच्या आधी वास घ्या: चीजसारखा किंवा मोज्यांसारखा वास आला तर ते हॉप्स गेले.

एकाच बीअरला अर्धा औंस हवा असेल तर त्यासाठी पाउंड मागवू नका, तो दुकानातून घ्या.

माल्ट अख्खं घ्यावं की भरडून?

मिल नसेल आणि दोन आठवड्यांत करणार असाल तर भरडून, बाकी वेळेला अख्खं. भरडलेलं माल्ट काही आठवड्यांत चव सोडायला लागतं, अख्खं कोरड्या हवाबंद डब्यात सहा महिने ते वर्ष राहतं. ऑनलाइन ऑर्डर करताना "मिल्ड" आणि "अनमिल्ड" असे दोन पर्याय असतात आणि घाईत चुकीचा निवडला जातो, अख्खं माल्ट घरी आलं आणि मिल नाही अशा अवस्थेत मिक्सर वापरायचा मोह होतो, तो आवरा, पीठ होतं. होमब्रू शॉपला विचारा, थोडे पैसे घेऊन बरेचजण भरडून देतात.

५ गॅलनला १० ते १२ पाउंड माल्ट लागतं. महिन्याला एकदा तरी करत असाल तर बेस माल्टचं (बीअरमध्ये सगळ्यात जास्त लागणारं साधं माल्ट) अख्खं पोतं घेणं परवडतं, अमेरिकन कंपन्यांचं पोतं साधारण ५० पाउंडांचं आणि बाम्बर्गच्या वायरमानसारख्या युरोपियन कंपन्यांचं ५५ पाउंडांचं, पाउंडाचा भाव सुट्यापेक्षा बराच खाली येतो. पण पोतं पोस्टाने मागवलं की वजनामुळे शिपिंग लागतं, बऱ्याच साइट्स "फ्री शिपिंग" मधून पोती वगळतात, आणि सगळी बचत त्यात जाते. पोतं दुकानदाराला सांगून त्याच्या पुढच्या ऑर्डरमध्ये आणवा, किंवा होमब्रू क्लबात सामील व्हा, क्लबवाले एकत्र मिळून पॅलेटभर पोती मागवतात आणि वाटून घेतात, त्यासारखा भाव कुठेच नाही. रंगीत आणि खास माल्ट (क्रिस्टल, चॉकलेट, रोस्टेड बार्ली) पोत्याने घेऊ नका, ती पाव-अर्धा पाउंड लागतात.

पिशवीत मॅश करणार असाल, म्हणजे ब्रू इन अ बॅग, तर दुकानात "दोनदा भरडून द्या" सांगा, पिशवी असल्यामुळे भरड बारीक झाली तरी अडकत नाही आणि साखर चांगली उतरते. घरी साठवायला झाकण फिरवून घट्ट बसणारी फूड-ग्रेड बादली घ्या. सोंडे झाले तर आपल्या गव्हा-तांदळासारखंच आहे, पसरतात, एका डब्यात दिसले की बाकीचे सगळे तपासा.

ऑनलाइन कुठल्या साइट्स बऱ्या?

मोअरबीअर ही कॅलिफोर्नियातल्या कॉन्कॉर्डची, १९९५ पासून आहे, उपकरणं आणि स्टीलच्या सामानासाठी मी आधी तिथे बघतो. नॉर्दर्न ब्रूअर ही मिनेसोटाची, रेसिपी किट्ससाठी नवीन लोकांना सोपी, सूचना नीट लिहिलेल्या असतात. ही कंपनी २०१६ मध्ये एबी इनबेव्हच्या, म्हणजे बडवायझरवाल्यांच्या, गुंतवणूक शाखेने घेतली होती आणि त्यावरून होमब्रू करणाऱ्यांमध्ये बरंच रान उठलं होतं, नंतर २०१९ मध्ये त्यांनी ती विकली, त्यामुळे जुन्या चर्चा वाचून गोंधळू नका. मिशिगनची अ‍ॅडव्हेंचर्स इन होमब्रूइंग पण चांगली, आणि हॉप्ससाठी याकिमा व्हॅली हॉप्स. ओरेगनमधल्या पोर्टलंडला कधी गेलात तर एफ. एच. स्टाइनबार्ट हे दुकान जरूर बघा, ते १९१८ पासून आहे.

एकाच साइटला चिकटू नका, प्रत्येकीचे सेल वेगळ्या वेळी असतात, थँक्सगिव्हिंगच्या आसपास उपकरणं स्वस्त होतात. बिलाची तुलना नेहमी शिपिंग धरून करा. ४ डॉलरची तोटी मागवायला ९ डॉलर शिपिंग भरण्यापेक्षा यादी करून ठेवा आणि फ्री शिपिंगची मर्यादा गाठेल तेव्हाच ऑर्डर टाका.

अ‍ॅमेझॉनवरून सगळंच घेतलं तर?

सॅनिटायझर, नळ्या, क्लॅम्प, थर्मामीटर, हायड्रोमीटर (दोन घ्या, फुटतातच), नायलॉनची पिशवी हे घ्या खुशाल. यीस्ट आणि हॉप्स घेऊ नका, कारण विकणारा कोण आहे, माल किती दिवस कुठल्या गरम गोडाऊनमध्ये होता, हे कळायला मार्ग नाही. नाव नसलेल्या "फूड ग्रेड" नळ्या-प्लास्टिकला वास असेल तर परत करा, तो वास बीअरमध्ये उतरतो.

सॅनिटायझर म्हणजे माझ्यासाठी स्टार सॅन, ५ गॅलन पाण्याला १ औंस, धुवायची गरज नाही, फेसाला घाबरू नका. छोट्या बाटलीपेक्षा मोठी घेतली तर वर्षानुवर्षं पुरते. धुण्यासाठी पीबीडब्ल्यू ही पावडर उत्तम पण महाग, त्याऐवजी सुपरमार्केटमधलं बिनवासाचं ऑक्सिक्लीन फ्री गरम पाण्यात वापरा आणि भरपूर पाण्याने खंगाळा.

आपल्या इंडियन ग्रोसरीत काही मिळतं का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे! ओक ट्री रोडवरची दुकानं असोत की तुमच्या गावातलं पटेल ब्रदर्स, होमब्रू शॉपमध्ये छोट्या पाकिटात महाग मिळणाऱ्या कितीतरी गोष्टी तिथे किलोने पडलेल्या असतात.

धणे बघा. बेल्जियन विटबीअरला धणे आणि संत्र्याची साल लागते, आणि आपले लांबट धणे, मोरोक्कोच्या गोल धण्यांपेक्षा, जास्त लिंबूसर वासाचे असतात, बीअरला तेच हवेत. ५ गॅलनला अर्धा ते १ औंस, खलबत्त्यात जाडसर कुटून, उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत टाकायचे. भाजायचे नाहीत, भाजले की मसाल्याचा वास येतो. वेलची, लवंग, सुंठ हे पण तिथूनच, पण हात आखडता ठेवा, वेलचीचे दोन-तीन दाणे पुष्कळ होतात.

पोहे. हलकी, कुरकुरीत लागर किंवा क्रीम एल करताना फ्लेक्ड राइस लागतो, म्हणजे आधीच शिजून चपटा केलेला तांदूळ, जो वेगळा न शिजवता मॅशमध्ये टाकता येतो. आपले जाडे पोहे भात (साळ) भिजवून, भाजून, दाबून केलेले असतात, त्यामुळे ते तसेच चालतात. ५ गॅलनला १ ते दीड पाउंड, बरोबर भरपूर टू-रो किंवा पिल्सनर (ही दोन्ही बेस माल्ट) माल्ट हवं, कारण पोह्यातल्या स्टार्चची साखर करणारे एन्झाइम्स माल्टमधूनच येतात. नुसतं एक्स्ट्रॅक्ट वापरत असाल तर पोहे टाकू नका, बीअर गढूळ राहील आणि फायदा शून्य. मॅश चिकट होतो म्हणून पिशवीत केलेलं बरं.

गूळ. गडद बेल्जियन किंवा स्टाउटमध्ये पाउंडभर गूळ उकळीत विरघळवला की अल्कोहोल वाढतं, बीअरचं अंग हलकं होतं आणि मागे काकवीची छटा राहते. गडद रंगाचा घ्या. आणि हापूसच्या पल्पचा ८५० ग्रॅमचा डबा, फर्मेंटेशनचा पहिला जोर ओसरल्यावर टाकायचा. डब्यावरची घटकांची ओळ वाचा: आंबा, साखर, सायट्रिक अ‍ॅसिड इतकं चालेल, सॉर्बेट किंवा बेंझोएट लिहिलं असेल तर ठेवून द्या, ती यीस्टची वाढ रोखतात.

सीओटू सिलिंडर ऑनलाइन घेता येतो का?

सिलिंडर येतो, गॅस येत नाही. नवीन सिलिंडर रिकामाच पाठवतात, भरायला जवळ काहीतरी लागतंच: होमब्रू शॉप, वेल्डिंग गॅसवाले (एअरगॅसच्या शाखा बऱ्याच गावांत आहेत), कधी अग्निशामक उपकरणांचं दुकान. आधी फोन करून विचारा की ते तुमचाच सिलिंडर भरून देतात की बदलून देतात. बदलून देत असतील तर चकचकीत नवीन अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर देऊन तुम्हाला कुठलातरी खरचटलेला मिळणार, तेव्हा अशा ठिकाणी सुरुवातीपासूनच जुना घेतलेला बरा. सिलिंडरच्या गळ्याजवळ टेस्टची तारीख ठोकलेली असते, पाच वर्षं उलटली असतील तर परत टेस्ट केल्याशिवाय भरत नाहीत. ५ पाउंडाच्या सिलिंडरमध्ये ५ गॅलनचे सहा-सात केग तरी निघतात, गळती नसेल तर. गाडीतून आणताना नीट बांधा आणि काच थोडी खाली ठेवा.

जुनं सामान घ्यावं का?

घ्या, या छंदात अर्धवट सोडणारे खूप असतात आणि त्यांचं सामान फेसबुक मार्केटप्लेस, क्रेगलिस्टवर सतत येतं. पातेली, प्रोपेन बर्नर, कॅपर, बाटल्या, कॉर्नेलियस केग (पूर्वी सोड्यासाठी वापरलेले स्टीलचे केग) हे जुनं उत्तम. केगची रबरं सगळी बदला, सेट स्वस्त असतो, नाहीतर आधीच्या सोड्याचा वास जात नाही. केगला नळी जोडायच्या बॉल लॉक आणि पिन लॉक अशा दोन जाती असतात, दोन्ही मिसळू नका, सुरुवात बॉल लॉकने करा. प्लास्टिकच्या बादल्या, नळ्या, ऑटो-सायफन मात्र नवीनच, ओरखड्यांमध्ये जंतू बसतात आणि कुठल्याही सॅनिटायझरने निघत नाहीत.

काचेचे मोठे कारबॉय फुकट मिळाले तरी मी घेणार नाही. भरलेला कारबॉय ओल्या हातातून सुटला की टाके पडतात, लोकांच्या हाताच्या नसा कापल्या गेल्यात. प्लास्टिकचा पीईटी फर्मेंटर घ्या.

अपार्टमेंटमध्ये राहतो, इलेक्ट्रिक शेगडी आहे, जागा नाही. काय घेऊ?

१ गॅलनचं किंवा अडीच गॅलनचं किट. इलेक्ट्रिक शेगडीवर ५ गॅलन धड उकळत नाही. ही छोटी किट्स ऑनलाइन स्वस्त आहेत, सामान मात्र दुकानातून सुटं घेणं फायद्याचं, कारण १ गॅलनला सव्वादोन पाउंड माल्ट आणि अर्धा औंस हॉप्स लागतात आणि साइटवरून तेवढ्यासाठी शिपिंग भरणं पटत नाही.

दुकानात सगळंच थोडं महाग असतं, मग तिथे का जायचं?

कारण ते दुकान बंद पडलं तर ताजं यीस्ट, मिल आणि शनिवारी दुपारी वर्ट (माल्टचं गोड पाणी) उकळत असताना एअरलॉक फुटला तर पंधरा मिनिटांत नवीन मिळायची सोय, हे सगळं एकदम जातं, आणि हे कुठलीही साइट भरून देऊ शकत नाही. आमच्याकडे एका गावातलं दुकान असंच गेलं. लोक तिथे जाऊन तासभर सल्ला घ्यायचे, रेसिपी लिहून घ्यायचे आणि घरी येऊन दोन डॉलर वाचवायला ऑनलाइन ऑर्डर करायचे. मला हे बरोबर वाटत नाही. ज्याचा सल्ला घेतला त्याच्याकडून निदान त्या बॅचचं माल्ट आणि यीस्ट घ्या. दुकानदाराला सरळ विचारलं, "साइटवर हा केग एवढ्याला आहे, तुम्ही किती कमी करू शकता?" तर बरेचदा काहीतरी जमवतात, क्लबच्या किंवा होमब्रूअर्स असोसिएशनच्या सभासदांना काही दुकानं सूट पण देतात. मोठी खरेदी ऑनलाइन केली म्हणून अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही, दुकानदारांनाही माहीत आहे की २०० डॉलरच्या वस्तूवर ते साइटशी स्पर्धा करू शकत नाहीत. त्यांचं दुकान चालतं ते दर महिन्याला येऊन माल्ट, यीस्ट, बुचं नेणाऱ्या गिऱ्हाइकावर.

भारतात जाताना भावासाठी किट घेऊन जाऊ का? पुण्यात करेल तो.

नका नेऊ. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे, त्यात परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे आणि अमेरिकेसारखी "घरच्यापुरती" सूट बीअरला नाही. पुण्यात डूलाली या मायक्रोब्रूअरीने (स्वतःची बीअर करणारं छोटं ठिकाण) २००९ मध्ये बीअर करायला सुरुवात केली आणि नंतर कितीतरी मायक्रोब्रूअरी आल्या, पण त्या सगळ्या परवाना घेऊन. भावाला इथे आल्यावर तुमच्या गराजमध्ये एक बॅच करू द्या.

रेसिपीतलं एखादं माल्ट किंवा हॉप दुकानात नसेल तर थांबू की दुसरं घेऊ?

दुसरं घ्या. क्रिस्टल ४० ऐवजी क्रिस्टल ६० किंचित कमी घातलं तर कोणाला कळणारही नाही, मॅरिस ऑटर नसेल तर टू-रो आणि त्यात थोडं म्युनिक, मॅग्नमच्या जागी वॉरियर, कॅस्केडच्या जागी सेंटेनियल पण थोडा कमी कारण त्याचा अल्फा जास्त असतो. पिल्सनर करताना साझ हॉप नसेल तर मात्र टेटनँग किंवा हॅलरटाउ चालेल, सिट्रा नाही चालणार, आणि यीस्ट बदलताना तर दुकानदाराला विचाराच. त्याला सांगा की बीअर शेवटी कशी लागायला हवी आहे, रेसिपीचा कागद दाखवण्यापेक्षा याने त्याला पटकन कळतं.